देणगीदार सगळीकडे आहेत, मग संस्थांच्या यादीत का नाहीत?

एखाद्या मोठ्या सेवाभावी संस्थेची देणगीदारांची यादी उघडून बघितली, खास करून अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये, तर त्यात बरीचशी माणसं एकाच साच्यातली निघतात, म्हणजे गोरी, वयाने मोठी, स्वतःचं घर असलेली, हाताशी बऱ्यापैकी पैसा असलेली. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं की बाकीच्या समाजांत देणगी द्यायची सवयच नाही, त्यांना ती लावायला पाहिजे. हे ऐकलं की मला राग येतो, कारण ते खरं नाहीये. स्थलांतरित लोक, कृष्णवर्णीय समाज, मुस्लिम, शीख, मूलनिवासी जमाती, कमी पगारावर राबणाऱ्या बायका, अपंग माणसं, हे सगळे देतात आणि पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत, फक्त त्यांचं देणं संस्थांच्या वहीत चढत नाही. ते का चढत नाही आणि चढावं म्हणून संस्थांनी स्वतःच्या घरात काय बदल करायला हवेत, ते जमेल तितक्या सोप्या शब्दात सांगते.

आधी मोजणीचं बघू. सरकारी आकडेवारीत आणि बऱ्याच सर्व्हेंमध्ये देणगी म्हणजे नोंदणी झालेल्या संस्थेला दिलेले पैसे, ज्याची पावती मिळते आणि टॅक्समध्ये सवलत मागता येते. आता समजा एक बाई परदेशात जाऊन दोन ठिकाणी साफसफाईचं काम करते, दर महिन्याला मायदेशातल्या भाच्याची फी भरते, शेजारी कोणी वारलं तर मयतीच्या खर्चाला हातभार लावते, आणि प्रार्थनेला गेली की तिथल्या पेटीत एक नोट टाकते. वर्षाचा हिशोब मांडला तर तिच्या पगाराचा चांगला मोठा हिस्सा दुसऱ्यांसाठी जातो, पण कागदावर ती देणगीदार नाहीच. नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला थेट दिलेली मदत कायदा चॅरिटीत धरत नाही, आणि त्याला कारणही आहे, नाहीतर कोणीही घरच्यांनाच पैसे देऊन सवलत मागेल. टॅक्सपुरती ती व्याख्या ठीक आहे. घोळ तेव्हा होतो जेव्हा तीच व्याख्या घेऊन आपण कुठल्या समाजाची दानत मोठी आणि कुठल्या समाजाची छोटी हे ठरवायला बसतो.

परदेशातून घरी पाठवले जाणारे पैसेच घ्या ना. वर्ल्ड बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असे ६५० अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसे गेले, म्हणजे श्रीमंत देशांची सरकारं विकासासाठी जी अधिकृत मदत देतात तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. हे सगळं दान आहे असं मी म्हणत नाही, बराचसा भाग घरखर्चच असतो, पण त्यातूनच गावासाठी पैसा उभा राहतो हेही खरं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मेक्सिकन लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने मंडळं काढली, वर्गणी जमवून गावात रस्ते, पाण्याची सोय, शाळेच्या खोल्या असं काय काय केलं, आणि झाकातेकास राज्यातल्या अनुभवावरून मेक्सिको सरकारने २००२ मध्ये देशभर एक योजना आणली ज्यात मंडळाच्या एका पेसोला केंद्र, राज्य आणि नगरपालिका अशा तिघांकडून प्रत्येकी एक पेसो जोडला जायचा. ही मंडळं काढणारे बहुतेक जण शेतमजुरी, बांधकाम, हॉटेलातली कामं करणारे होते. त्यांच्या शहरातल्या एखाद्या मोठ्या फाउंडेशनच्या यादीत त्यांचं नाव शोधलंत तर मिळण्याची शक्यता फार कमी.

मोजायची पट्टी बदलली की चित्र किती बदलतं याचं अजून एक उदाहरण म्हणजे वर्ल्ड गिव्हिंग इंडेक्स, म्हणजे कुठल्या देशातले लोक किती देतात याची सर्व्हेवरून लावलेली क्रमवारी. त्यात कित्येक वर्षं लोकांना तीन साधे प्रश्न विचारले जायचे, गेल्या महिन्यात एखाद्या संस्थेला पैसे दिलेत का, एखाद्या संस्थेसाठी वेळ दिलात का, अनोळखी माणसाला मदत केलीत का. रक्कम विचारायचीच नाही. असं विचारल्यावर पहिल्या नंबरावर कोण आलं तर आधी काही वर्षं म्यानमार आणि नंतर सलग बरीच वर्षं इंडोनेशिया. श्रीमंत देश दानशूर आणि गरीब देश घेणारे, हे डोक्यात पक्कं बसलेलं गणित तिथे टिकत नाही.

आणि हे आजकालचं नाहीये. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स या दोघांनी फ्री आफ्रिकन सोसायटी सुरू केली, दोघंही गुलामगिरीतून सुटलेले, आणि सभासदांनी महिन्याला एक शिलिंग द्यायचा, त्यातून आजारी माणसं, विधवा, पोरकी मुलं यांना मदत व्हायची. १७९३ ला शहरात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा याच लोकांनी गोऱ्या आजाऱ्यांचीही सेवा केली, मेलेल्यांना पुरलं. १८४७ मध्ये आयर्लंडमधल्या दुष्काळाची बातमी अमेरिकेतल्या चॉक्टॉ जमातीपर्यंत पोचली, ज्यांना स्वतःच्या जमिनीवरून हाकलून देऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती आणि त्या प्रवासात त्यांची हजारो माणसं मेली होती, तरी त्यांच्याकडून १७० डॉलर गोळा होऊन गेले. आयरिश लोक ते विसरले नाहीत. २०२० मध्ये कोविडने अमेरिकेतल्याच नावाहो आणि होपी या मूलनिवासी जमातींना झोडपलं तेव्हा त्यांच्या मदतनिधीत आयर्लंडमधून पैशांचा ओघ लागला, आणि पैसे पाठवताना लोक त्या १८४७ च्या मदतीची आठवण लिहून पाठवत होते.

म्हणजे प्रश्न देणाऱ्यांकडे नाही, मागणाऱ्यांकडे आहे. मागणाऱ्यांकडे नक्की काय चुकतं ते आता एकेक करून बघू, आणि सगळ्यात मोठी गोष्ट आधी घेते, ती म्हणजे मुळात मागितलं कोणाकडे जातं.

मोठ्या संस्थांचं फंडरेझिंग खाजगीत कसं चालतं माहितीये का? हजारो नावांचा डेटाबेस असतो आणि एक सॉफ्टवेअर त्यातून "कोणाची ऐपत आहे" ते काढून देतं. ते बघतं काय, तर नावावर घर-जमीन किती, शेअर्स किती, कुठल्या कंपनीत मोठ्या पदावर आहे, आधी कुठे मोठी देणगी दिलीय. वर आलेल्या नावांना फोन जातात, जेवणाची आमंत्रणं जातात, खालच्यांना फारतर एक ईमेल. आता यात गोम अशी की अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे बनवले, ज्यात कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने धोकादायक म्हणून दाखवल्या आणि अशा वस्त्यांत कर्ज मिळणं पुढे कित्येक वर्षं मुश्किल झालं. आजही तिथे साधारण ७० टक्क्यांहून जास्त गोऱ्या कुटुंबांचं स्वतःचं घर आहे आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जुना अन्याय मालमत्तेच्या कागदपत्रात उतरला, कागदपत्रातून सॉफ्टवेअरमध्ये, आणि सॉफ्टवेअरमधून "यांना विचारायची गरज नाही" या निर्णयात. संस्थेत कोणी मुद्दाम भेदभाव करत नसेलही, पण जो निकष लावलाय त्याचा परिणाम तोच होतो.

ओसिओला मॅकार्टी नावाच्या बाईंची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्ग गावात त्यांनी आयुष्यभर लोकांचे कपडे धुवून इस्त्री करून दिले. शाळा सहावीत सुटली, कारण आजारी मावशीची काळजी घ्यायला त्यांना घरी थांबावं लागलं. १९९५ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं की आपल्या बचतीतले दीड लाख डॉलर सदर्न मिसिसिपी युनिव्हर्सिटीला स्कॉलरशिपसाठी द्यायचे, ज्या युनिव्हर्सिटीत कृष्णवर्णीय मुलांना १९६५ पर्यंत प्रवेशच नव्हता. कुठल्याही सॉफ्टवेअरने हे नाव वर काढलं नसतं. त्यांच्या देणगीची बातमी झाल्यावर शेकडो लोकांनी त्याच स्कॉलरशिपसाठी पैसे पाठवले, तेही यादीत नसणारच. सगळेच असे दीड लाख साठवून बसलेत असं नाही म्हणायचंय मला, पण ज्याला कधी कोणी विचारलंच नाही त्याने दिलं नाही म्हणून तक्रार कशी करणार?

दुसरी गोष्ट टॅक्सची, ही जरा किचकट आहे पण समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत देणगीवरची वजावट पारंपरिक पद्धतीने फक्त त्यांनाच मिळायची जे आपले खर्च एकेक करून रिटर्नमध्ये दाखवतात. बाकीचे सरसकट ठरलेली वजावट घेतात. २०१८ पासून ही सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली, आणि एकेक खर्च दाखवणारे ३० टक्क्यांच्या आसपास होते ते १० टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे दहातल्या साधारण नऊ कुटुंबांना तेव्हा देणगीवर काहीच सवलत उरली नाही, आणि उरलेलं दहावं कुटुंब बहुतेक वेळा चांगल्या उत्पन्नाचं. कोविडच्या काळात तात्पुरती ३०० डॉलरपर्यंतची सूट सरसकट वजावट घेणाऱ्यांनाही दिली होती, आणि २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून सरसकटवाल्यांनाही एका माणसाला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत रोख देणगीवर वजावट मिळते. लोक टॅक्ससाठी देतात असं नाही, पण सवलत कोणाला मिळते यावरून संस्था कोणाच्या मागे लागतात हे ठरतं, म्हणून हे महत्त्वाचं.

ब्रिटनमधली गिफ्ट एडची पद्धत वेगळी आहे. तिथे टॅक्स भरणाऱ्या माणसाने एक पाउंड दिला की संस्था सरकारकडून वर २५ पेन्स मागून घेऊ शकते. १९९० मध्ये ही योजना आली तेव्हा एका वेळी किमान ६०० पाउंड दिले तरच लागू व्हायची! म्हणजे फूल ना फुलाची पाकळी देणारे सरळ बाहेर. ही किमान मर्यादा हळूहळू कमी होत २००० मध्ये पूर्ण काढली. तरी फॉर्म भरायचा, घरचा पत्ता द्यायचा, टॅक्स भरतो हे लिहून द्यायचं हे होतंच, आणि डब्यात नाणी टाकणाऱ्याकडून कोण फॉर्म भरून घेणार. म्हणून २०१३ पासून लहान रोख देणग्यांसाठी वेगळी योजना केली, आता ३० पाउंडपर्यंतच्या रोख किंवा कार्ड टेकवून दिलेल्या देणगीवर कोणी दिली हे न लिहिताही वर्षाला एका मर्यादेपर्यंत संस्थेला पाउंडामागे तेच २५ पेन्स मागता येतात. मशिदी, गुरुद्वारे, छोटी चर्चेस, जिथे पेटीतच पैसा जमतो, त्यांना याचा सरळ फायदा. नियम बदलल्याने किती फरक पडतो याचं हे चांगलं उदाहरण आहे आणि अशा बदलांची मागणी मोठ्या संस्थांनीही लहानांच्या बाजूने उभं राहून करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता फॉर्म. वाटतं काय त्यात, पण कितीतरी माणसं तिथूनच मागे फिरतात. नावाचे दोन कप्पे, पहिलं आणि आडनाव, दोन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि जगात एकाच नावाची माणसं भरपूर आहेत, इंडोनेशियात तर अगदी सर्रास. दोन आडनावं लावणाऱ्या स्पॅनिश भाषिकांचं नाव अर्धं कापलं जातं, नावातली खूण असलेली अक्षरं सॉफ्टवेअरला चालत नाहीत, नवरा-बायको दोघांनी मिळून दिलं तरी आभाराचं पत्र नवऱ्याच्या नावाने येतं, जरी पैसे बायकोने पदरमोड करून दिले असले तरी. पेमेंट फक्त क्रेडिट कार्डने. ज्याचं बँकेत खातंच नाही, जो रोखीत कमावतो, तो काय करणार? केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, साध्या मोबाइलवरून पैसे पाठवता येतात, बँक नसलेला माणूससुद्धा कोणाच्या दवाखान्याच्या खर्चाला दोन मिनिटात पैसे देतो. तंत्र आहे, वापरायची तयारी पाहिजे. अंध माणूस स्क्रीन रीडरवर वेबसाइट ऐकतो, आणि देणगीच्या बटणाला नीट नावच दिलेलं नसेल तर त्याला ते बटण सापडतच नाही, आणि शेवटी "तुम्ही रोबोट नाही ना" म्हणून चित्रं ओळखायला लावलं तर तो तिथेच अडकला. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या साइटवरही असं होऊ शकतं, कारण अपंग माणूस घेणारा असतो असं आधीच गृहीत धरलेलं असतं, तो देणाराही असेल हे मनातच येत नाही.

कधी मागायचं हाही भाग आहे. पाश्चात्य संस्थांचा सगळा जोर डिसेंबरवर, नाताळ आणि वर्षअखेर टॅक्सचा हिशोब. मुस्लिम समाजात सर्वात जास्त देणं रमजानमध्ये होतं, आणि रमजान चांद्र महिना असल्याने दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे "गेल्या वर्षीच्या तारखेलाच मेल पाठवू" चालत नाही. पण तारीख कळली म्हणून झालं असंही नाही. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वर साठवलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग, आणि तो कोणाला द्यायचा याचे आठ प्रकार कुराणात सांगितलेत, गरीब, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले वगैरे. जकात देणाऱ्याला खात्री हवी असते की हा पैसा त्याच लोकांपर्यंत गेला, ऑफिसच्या भाड्यात नाही गेला, बँकेत व्याजावर पडून नाही राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेने यासाठी वेगळा जकात निधी ठेवलाय, धर्मविद्वानांकडून त्याबद्दल मत घेतलंय, आणि जकातीची सगळी रक्कम गरजूंनाच जाते, चालवायचा खर्च दुसरीकडून काढतात. याला म्हणतात समोरच्याच्या नियमाचा मान ठेवून काम करणं. नुसतं वेबसाइटवर चंद्रकोरीचं चित्र टाकून "रमजानच्या शुभेच्छा, डोनेट करा" लिहिलं तर लोकांना बरोबर कळतं की यांना फक्त पैसे हवेत. शिखांमध्ये कमाईचा दहावा हिस्सा द्यायची शिकवण आहे, ज्यूंमध्ये दान हे न्यायाचं कर्तव्य मानतात, हे सगळं संस्थेतल्या प्रत्येकाला पाठ हवं असं नाही, पण विचारायची तरी तयारी हवी.

मग येतो भीतीचा मुद्दा आणि यावर फारच कमी बोललं जातं. काही समाजांसाठी देणगीदार म्हणून नाव लागणं धोक्याचं असतं. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात, बसमधल्या वंशभेदाविरुद्ध, कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला, आणि लोकांना कामावर न्यायला गाड्या लागायच्या, पेट्रोल लागायचं. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी इतर बायकांना घेऊन घरी केलेलं जेवण, केक आणि भट्टीतले गोड पदार्थ विकायला सुरुवात केली आणि तो पैसा बहिष्काराच्या दर सोमवारच्या सभेत आणून द्यायचा. गटाचं नाव ठेवलं "क्लब फ्रॉम नोव्हेअर", म्हणजे कोणी विचारलं पैसा कुठून आला तर कुठूनच नाही. कारण त्यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि गुपचूप पैसे देणारे काही गोरेही होते. स्वतः गिलमोर यांनी कोर्टात साक्ष दिल्यावर त्यांची नोकरी गेलीच. त्याच काळात अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली, संघटनेने दिली नाही, दंड ठोठावला गेला, आणि १९५८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की यादी देण्याची सक्ती करता येणार नाही.

हे जुनं झालं असं वाटेल. पण २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत काही मुस्लिम संस्था सरकारने बंद केल्या आणि साध्या देणगीदारांनाही वाटायला लागलं की आपलं नाव उद्या कुठल्या चौकशीत निघेल, म्हणून अनेकांनी चेक द्यायचं थांबवलं. ब्रिटनमध्ये २०१४ च्या सुमाराला बँकांनी काही मुस्लिम संस्थांची खातीच बंद केली. कागदपत्रं पूर्ण नसलेल्या स्थलांतरिताला तर पत्ता विचारला तरी धडकी भरते. अशा माणसाला निनावी, रोख, विश्वासातल्या कोणाच्या तरी हातून देता यावं ही सोय म्हणजे त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं आहे. संस्थांना नावं हवी असतात कारण पुढच्या वर्षी परत मागता येतं, आणि काही रकमांच्या वर कायद्यानेही नाव लागतं, ते बरोबरच आहे, पण जिथे कायदा मागत नाही तिथे आपण का मागायचं?

फोटोंबद्दल थोडंसं. मदतीच्या जाहिरातीत रडणारं, माश्या बसलेलं, उघडं मूल दाखवून पैसे जमवायची पद्धत वर्षानुवर्षं चालली. त्याच देशातून आलेली माणसं ती जाहिरात बघतात तेव्हा त्यांना आपलं गाव, आपली भावंडं अशी दीनवाणी करून दाखवलेली दिसतात, आणि त्यांना कळतं की ही जाहिरात आपल्याशी बोलतच नाहीये, आपल्याबद्दल दुसऱ्याच कोणाशी बोलतेय. बऱ्याच टीकेनंतर २०२० मध्ये ब्रिटनच्या कॉमिक रिलीफ या सेवाभावी संस्थेने जाहीर केलं की यापुढे सेलिब्रिटींना आफ्रिकेत पाठवून फिल्म करणं बंद, तिथल्याच फिल्मकारांकडून काम करून घेऊ. उशिरा झालं, पण झालं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, निर्णय कोणाचा. पैसे सगळ्यांनी द्यायचे आणि कुठे खर्च करायचे ते चारच माणसांनी ठरवायचं, असं असेल तर वरचं सगळं करूनही लोक टिकणार नाहीत. अमेरिकेत बऱ्याच संस्थांच्या बोर्डावर बसायचं तर दरवर्षी अमुक इतकी रक्कम स्वतः द्या किंवा ओळखीतून आणा असा नियम असतो. म्हणजे शाळेतली शिक्षिका, बसचा ड्रायव्हर, नर्स, ज्यांना त्या वस्तीची नाडी माहीत आहे, ते बोर्डाबाहेर. काही संस्थांनी हा आकडा काढून "तुमच्या दृष्टीने मोठी वाटेल इतकी रक्कम द्या" असं केलंय, साधा बदल आहे, पण त्यासाठी बोर्डावर आधीच बसलेल्यांनी मन मोठं करावं लागतं.

गिव्हिंग सर्कल हा यातला मला सर्वात आशा वाटणारा प्रकार. पंधरा-वीस माणसं एकत्र येतात, प्रत्येकजण ठरलेली किंवा जमेल ती रक्कम टाकतो, मग सगळे बसून कुठल्या कामाला द्यायचे यावर चर्चा करतात, त्या कामाच्या माणसांना भेटतात आणि मत देऊन ठरवतात. बऱ्याच सर्कलमध्ये कोणी कितीही टाकले तरी मत एकच. ज्या समाजांत भिशीसारखे प्रकार आधीपासून आहेत, कॅरिबियन लोकांचा सुसू, मेक्सिकन लोकांची तांदा, सोमाली लोकांचं हागबाद, त्यांना यात शिकवण्यासारखं काहीच नसतं, विश्वास, हिशोब, पाळी हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून आशियाई बायकांचं एक सर्कल चालतंय, कॅलिफोर्नियात लॅटिनो लोकांच्या सर्कलांचं मोठं जाळं आहे. २०२४ च्या एका अमेरिकी अभ्यासात असे सुमारे ४,००० गट आणि त्यात ३,७०,००० माणसं मोजली गेली, आणि २०१७ ते २०२३ या काळात त्यांनी ३ अब्ज डॉलरहून जास्त दिले. गटाला स्वतःची संस्था नोंदवायची नसेल तर एखादं कम्युनिटी फाउंडेशन त्यांचा पैसा सांभाळतं, पावत्या देतं, ही फाउंडेशनं म्हणजे एका भागातल्या अनेकांचा पैसा एकत्र ठेवून त्याच भागासाठी वापरणाऱ्या संस्था, पहिली १९१४ मध्ये क्लीव्हलँडला निघाली. ज्या मोठ्या संस्थेला खरंच नवे देणगीदार जोडायचेत तिने अशा गटांना जागा, हिशोबनीस आणि पावतीपुस्तक द्यावं आणि निर्णयात नाक खुपसू नये. हे शेवटचं जमणं सगळ्यात अवघड असतं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे सगळं वाचून कोणी उत्साहाने आडनावांवरून धर्म आणि वंश ओळखून याद्या बनवायला लागेल, तर थांबा. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्यात वंश, धर्म, आरोग्य ही माहिती विशेष संरक्षणाची आहे, अंदाजाने नोंदवून ठेवली तर अडचणीत याल. आणि कायदा नसता तरी ते बरोबर नाही, कारण आडनाव मुस्लिम म्हणून माणूस जकात देतोच असं नाही, तो कुत्र्यांच्या दवाखान्यासाठीही देत असेल. आफ्रिकन वंशाच्या डॉक्टरीणबाईंना कदाचित फक्त ऑपेरासाठी द्यायचंय, आणि तुम्ही प्रत्येक वेळी त्यांना वंशभेदाच्या कामाचंच पत्रक पाठवताय. समाजाची माहिती असावी ती कान उघडे राहावेत म्हणून, माणसाला त्यात कोंबायला नको. विचारायचं, आणि उत्तर न देण्याची मुभा ठेवायची.

ज्यांची छोटी संस्था आहे आणि हाताशी दोन-तीनच माणसं आहेत त्यांनी कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर मी म्हणेन, आधी आपला देणगीचा फॉर्म बाहेरच्या पाच वेगवेगळ्या माणसांना भरायला द्या, त्यात एक म्हातारं माणूस, एक स्क्रीन रीडर वापरणारं, एक दुसरी भाषा बोलणारं, आणि ते कुठे अडखळतात ते गप्प बसून बघा. मग ज्या समाजापर्यंत पोचायचंय त्यांच्या आधीपासून चालणाऱ्या मंडळाकडे जा, पहिल्या भेटीत पैसे मागू नका, ते काय काम करतात ते ऐका आणि त्यांच्या कार्यक्रमाला आपली माणसं पाठवा. आभार मानताना रकमेप्रमाणे सोनेरी-चंदेरी गट पाडण्यापेक्षा नावं अक्षरांच्या क्रमाने लावा, नाव नको म्हणणाऱ्याचं गाळा. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झरने आपल्या पेपरात हेच केलं होतं, प्रत्येक देणाऱ्याचं नाव छापलं, मग एक सेंट दिलेला असो की शंभर डॉलर, आणि काही महिन्यांत लाखाहून जास्त लोकांकडून लाखाहून जास्त डॉलर जमले, बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी दिले होते. पहिल्या वर्षी रक्कम फारशी वाढणार नाही हे बोर्डाला आधीच सांगून ठेवा, आणि त्या वर्षात मोजायचंच असेल तर हे मोजा की नव्याने दिलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा दिलं आणि किती जण सोबत अजून कोणाला घेऊन आले.